डावखुरा जपानी देव

स्वातंत्र्यानंतर दोन-चार वर्षांनी बोटीवर खलाशी असलेल्या माझ्या मामाने जपानहून एक जुनीपुराणी नोट आणली. उभी, चिंचोळी, आणि तिच्यावर एका काखेत मासा आणि उजव्या हातात गळ धरून हसणारा एक ढेरपोट्या देव. "ही लाकडाच्या ठशानं छापायचे," मामा म्हणाला. मासेवाला देव! रेवदंड्याच्या आमच्या कोळीवाड्याला आणखी काय हवं होतं? आईने नोट थेट देव्हाऱ्यात ठेवली.

मग सगळ्यांनाच तो देव हवा झाला. बाबांनी मोडक्या वल्ह्याच्या तुकड्यावर नोटेतला देव जसाच्या तसा कोरला, काजळी फासली आणि कागद दाबला. ठसा उलटा कोरायचा असतो, हे कुणाला ठाऊक? देवाच्या उजव्या हातातला गळ डाव्या हातात गेला.

"माशांना काय कळतंय!" म्हणत बाबांनी होडीहोडीवर तोच देव चिकटवला, घरच्या भिंतीवरही.

मी डाव्या हाताने जेवायचे, म्हणून आई रोज चापट मारायची. मी जाम वैतागले होते. त्या दिवशी तिने हात उगारताच मी भिंतीकडे बोट दाखवलं. डाव्याच हाताचं.

आईने देवाला नमस्कार केला आणि माझ्या त्याच हातावर तळलेला बांगडा ठेवला.