कानांच्या खोलीतला कॉम्प्युटर

घरी तिला सगळे भिंगरी म्हणत. लहानपणी जेवायला बसली तरी दोन घासांच्या मध्ये उठून खिडकीतून डोकावून यायची. आई म्हणायची, "देव हिला बूड द्यायलाच विसरला." आणि या पोरीने पुढे काम पत्करलं ते कान तपासायचं. चहूबाजूंनी जाड स्पंज लावलेल्या बंद खोलीत बसायचं, समोरच्याच्या कानात एकेक बारीक सूर सोडायचा आणि तो बोट वर करेपर्यंत श्वाससुद्धा हळू घ्यायचा. नातेवाइकांना हसू यायचं. पण तिने हे काम एकवीस वर्षं केलं, आणि चांगलं केलं. हात स्थिर, नजर स्थिर. टेबलाखाली पाय मात्र सतत हलत असायचे, ते पेशंटला दिसत नसत.

कानाच्या डॉक्टरांच्या दवाखान्यात, मागच्या बाजूला तिची खोली होती. तिथे एक जुना कॉम्प्युटर होता. कानाचं मशीन प्रत्येकाच्या ऐकण्याप्रमाणे जुळवावं लागतं, आणि जुन्या मशिनांचं ते जुळवण्याचं सॉफ्टवेअर फक्त याच कॉम्प्युटरवर चालायचं. सहाशे माणसांच्या कानांची मापं त्याच्या पोटात होती. म्हणून जेव्हा त्याच्या आतून बारीक कटकट ऐकू यायला लागली, तेव्हा तिने हयगय केली नाही. कटकट दुसऱ्या कुणाला ऐकू येत नव्हती, पण तिचे कान तयार होते. हार्ड डिस्क जायला आली होती.

ओळखीच्या दुकानदाराने दवाखान्यात येऊन, कॉम्प्युटर चालू असतानाच, जुन्या डिस्कवरचं सगळं जसंच्या तसं नव्या डिस्कवर उतरवून दिलं. म्हणाला, "ताई, सोमवारी कॉम्प्युटरची पेटी घेऊन या, मी बसवून देतो."

सोमवारपर्यंत थांबेल ती भिंगरी कसली. "चार स्क्रू तर आहेत," ती म्हणाली, आणि शुक्रवारी सकाळी साडेआठला, दवाखाना उघडायच्या आत, तिने पेटी उघडली. सगळ्या वायरी काढल्या, आतली धूळ फुंकली, जुनी डिस्क काढली, नवी बसवली. वीस मिनिटांत काम झालं. मग बटण दाबलं.

पंखा फिरला. काळा पडदा आला आणि त्यावर एकच पांढरी ओळ: सुरू करण्याजोगी डिस्क सापडली नाही.

तिने बंद करून परत चालू केलं. तीच ओळ. डिस्कच्या दोन्ही वायरी काढून घट्ट बसवल्या. तीच ओळ. एक वायर बदलून दुसरी लावली. मग कॉम्प्युटर चालू होताना बटण दाबून धरून सेटअपच्या निळ्या पडद्यात शिरली. तिथे नव्या डिस्कचं नाव दिसत होतं, म्हणजे कॉम्प्युटरला डिस्क दिसत होती. तिने ती यादीत सगळ्यात वर आणली, जतन केलं, बाहेर आली. पुन्हा तीच ओळ.

तिने घड्याळाकडे पाहिलं. साडेनऊला प्रूफवाले आजोबा येणार होते.

आजोबा म्हणजे एका छापखान्यात छत्तीस वर्षं प्रूफं तपासलेला माणूस. दोन्ही कान जवळजवळ गेलेले, सगळी भिस्त मशिनांवर. ती मशिनं बिघडली म्हणून दुरुस्तीला गेली होती आणि कालच परत आली होती. दुरुस्त होती, पण आतून कोरी. या कॉम्प्युटरवरची मापं त्यांत भरल्याशिवाय ती म्हणजे नुसते कानात घातलेले बोळे होते. आणि बारा वाजता आजोबांना मोठ्या हॉस्पिटलात पोचायचं होतं. आजींच्या हृदयाची झडप बदलायची होती. सर्जन आजोबांना सगळं समजावणार होत्या आणि मग सही.

तिने शेवटचा उपाय म्हणून जुनी डिस्क परत बसवली. काल संध्याकाळपर्यंत ती कटकट करत का होईना, चालत होती. आज तिच्यावरही तीच पांढरी ओळ आली. नवी चालत नाही ते नाहीच, जुनीही आपण मारली, असं तिला वाटलं. हात दाखवून अवलक्षण ते हेच.

आजोबा वेळेवर आले. सोबत मुलगा होता, चाळिशी उलटलेला, हातात फायलींची पिशवी. आजोबांना बोललेलं कळणार नव्हतं, म्हणून तिने कागदावर लिहिलं: कॉम्प्युटर चालू होत नाहिये. प्रयत्न करते आहे.

आजोबांनी कागद वाचला, खिशातून पेन काढलं आणि 'नाहिये'तला हि खोडून दीर्घ केला. मग म्हणाले, "करा. मी बसतो."

ती परत पेटीत शिरली. सेटअपचा निळा पडदा उघडायची, एखादी गोष्ट बदलायची, बाहेर यायची, पांढरी ओळ बघायची, परत आत. काय बदललं आणि काय परत ठेवलं याचा तिलाच पत्ता राहिला नाही. दुकानदाराचा फोन लागेना. एक जादा मशीन कपाटात होतं, ते आजोबांच्या कानाला लावून पाहिलं, तर नुसती शिट्टी वाजली. सव्वाअकरा झाले.

मुलगा म्हणाला, "राहू द्या ताई. मी ऐकतो आणि बाबांना घरी गेल्यावर सांगतो. तसंही त्यांना सगळं सांगायची काय गरज आहे?"

आजोबांनी त्याच्या तोंडाकडे बघून अर्धं ओळखलं. "सही माझी आहे," ते म्हणाले. "न वाचलेल्या कागदावर मी कधी सही केलेली नाही."

तिने स्क्रू ड्रायव्हर खाली ठेवला. चिठ्ठीवर लिहिलं: मी येते. डॉक्टर बोलतील ते शब्दन् शब्द तुमच्या कानात सांगते. डाव्या कानाशी तोंड नेऊन, ओरडून नव्हे तर जाड, सावकाश आवाजात बोललं की आजोबांना बरंच कळतं, हे तिला मापांवरून माहीत होतं.

हॉस्पिटलात सर्जनबाईंच्या खोलीत ती आजोबांच्या डावीकडे बसली. सर्जनबाई एक वाक्य बोलायच्या, थांबायच्या, आणि ती ते वाक्य आजोबांच्या कानात ठेवायची. झडप कशी आहे, छाती कुठे उघडणार, किती तास लागतील. एखादा शब्द चुकला तर, या धास्तीने तिची बोटं पदराच्या टोकाशी चाळा करत होती.

मग सर्जनबाई म्हणाल्या, "यांचं वय आणि साखर बघता धोका आहे. अशा शंभर पेशंटमधले आठ ते दहा वाचत नाहीत."

मुलाने टेबलाखालून तिला हात हलवून खूण केली. नको.

आजोबा तिच्याकडे वळून वाट बघत होते. तिने त्यांच्या कानाशी वाकून सांगितलं, "शंभरातले आठ ते दहा जण वाचत नाहीत."

"आठ ते दहा," आजोबा म्हणाले. मुलाने मान फिरवली. आजोबांनी विचारलं, "आणि केलं नाही तर?"

"वर्षभर. फार तर थोडं जास्त. आणि तेही त्रासातच," सर्जनबाई म्हणाल्या. तिने तेही सांगितलं.

"आमच्या हिला माहीत आहे हे?" आजोबांनी विचारलं.

"काल सांगितलंय. त्या म्हणाल्या, करा. पण ह्यांना अर्धवट सांगू नका, ह्यांना अर्धवट चालत नाही."

आजोबा थोडंसं हसले, मग डोळे पुसले. संमतीचा फॉर्म त्यांनी पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत वाचला, बोट ओळीवरून फिरवत. कुणी घाई केली नाही. सही केली आणि विचारलं, "आज तारीख काय?"

तिने तारीख सांगितली, आणि सांगता सांगताच थबकली. सकाळपासून त्या निळ्या पडद्याच्या कोपऱ्यात तारीख होती. आजची नव्हती. बारा वर्षांपूर्वीची होती. तिने ती दहा वेळा पाहिली होती आणि दहाही वेळा तिच्यावरून नजर पुढे पळवली होती. शिवाय जुनी डिस्कही चालली नव्हती. काल चालणारी डिस्क रातोरात मरेल कशी, आणि तीसुद्धा नवीसारखीच? दोन्हींचं दुखणं एकच असेल, तर ते डिस्कचं नव्हतंच.

बाहेर आल्या आल्या तिने दुकानदाराला फोन लावला. या वेळी लागला.

"तारीख मागे गेलीय? मग आतली बॅटरी संपलीय ताई," तो म्हणाला. "इन्व्हर्टरमुळे इतकी वर्षं वीज कायम चालू होती म्हणून कळलं नाही. तुम्ही वायर काढलीत आणि मशीन आपली सगळी सेटिंग विसरलं. डिस्क कशी वाचायची तेही विसरलं. तुम्ही काही बिघडवलेलं नाही."

कॉम्प्युटरच्या आत एक नाण्याएवढी बॅटरी असते. तिच्या कपाटात कानाच्या मशिनांच्या शेकडो बॅटऱ्या पडल्या होत्या, पण सगळ्या डाळीच्या दाण्याएवढ्या. घड्याळवाल्याकडे हवी ती मिळाली. दवाखान्यात येऊन तिने बॅटरी बदलली, नवी डिस्क परत लावली आणि फोन कानाशी धरून दुकानदार सांगेल ती सेटिंग एकेक करून बदलली. या वेळी प्रत्येक बदल आधी कागदावर लिहिला. मग आजची तारीख घातली आणि बटण दाबलं.

पडदा काळा झाला. तो काळा राहिला तेवढा वेळ ती खोलीत तीन फेऱ्या मारून आली. मग ओळखीचं चित्र उमटलं. तिने सॉफ्टवेअर उघडलं, आजोबांचं नाव शोधलं. दोन्ही कानांची मापं जागच्या जागी होती.

साडेचारला आजोबा परत आले. मशिनं जुळवून तिने त्यांच्या कानात बसवली आणि काही न बोलता थांबली. आजोबांनी मान तिरकी केली. "बाहेर कुणीतरी बादली ओढतंय," ते म्हणाले. तिने दार उघडून पाहिलं. सफाईवाली बाई खरंच बादली सरकवत होती. आजोबा उठले आणि थेट आजींना भेटायला गेले.

दुसऱ्या दिवशीचं ऑपरेशन सात तास चाललं. त्या शनिवारी भिंगरीने घरातले सगळे डबे घासून काढले आणि फोन आला तेव्हाच खाली बसली. आजींनी पुढे बराच त्रास काढला, एकदा तर पुन्हा आत न्यावं लागलं, पण तेराव्या दिवशी त्या घरी आल्या.

महिन्याभराने मुलगा एकटाच दवाखान्यात आला. उभ्या उभ्याच म्हणाला, "त्या दिवशी मला तुमचा राग आला होता."

"दिसला मला."

"बाबांची मशिनं कधी बंद पडली तर... तुम्ही त्यांच्या कानात कसं बोलत होतात, ते मला शिकवाल? मी बोललो की त्यांना वाटतं मी ओरडतोय."

"ओरडताच तुम्ही," ती म्हणाली. "बसा. माझ्या डावीकडे या. आता एक वाक्य बोला, आणि शेवटचा शब्द गिळू नका."