एक ते चार, शटर बंद

माझ्या धाकट्या भावाने चाळिशी ओलांडल्यावर लांबच्या प्रवासाची मोठी मोटरसायकल घेतली. लग्न केलं नाही, आणि घरात आणलं ते हे धूड! मी चार दिवस त्याच्याशी धड बोलले नाही. पण येरवड्याच्या आमच्या रो-हाउसमध्ये आम्ही दोघंच राहतो, अबोला धरून जाणार कुठे? उन्हाळ्यात त्याला हिमाचलात स्पितीला जायचं होतं, आणि त्याआधी गाडी ‘मोकळी’ करून घ्यायची होती.

मोकळी म्हणजे काय, ते मला नंतर कळलं. कंपनीचा सायलेन्सर काढून दुसरा, हलका बसवायचा. सायलेन्सरच्या अलीकडे नळीत एक जाळीदार डबा असतो, कॅटॅलिटिक कन्व्हर्टर. इंजिनातला विषारी वायू त्यातून जाताना बराचसा निवळतो. गॅरेजवाल्याने तो डबाच कापून काढला आणि तिथे सरळ नळी जोडली. “ताई, नुसतं ओझं असतं ते,” भाऊ म्हणाला. “गाडी गुदमरते त्याने.” मी म्हटलं, “मग कंपनीतले इंजिनिअर काय माश्या मारायला बसलेत?” तो हसला. माझ्या बोलण्यावर हसायचं आणि स्वतःला हवं तेच करायचं, ही त्याची जुनी खोड.

आवाज असा की वर स्वयंपाकघरात मांडणीवरची भांडी थरथरायची. दर रविवारी जेवण झालं की तो खाली पार्किंगमध्ये गाडी चालू ठेवून, लॅपटॉप जोडून बसायचा, पेट्रोलचं प्रमाण कमी-जास्त करत. पहिल्याच रविवारी शेजारचे काका फाटकात हजर. पायजमा, बनियन, चेहऱ्यावर अर्धवट झोप. “आपल्या गाडीचं कौतुक आहे हो आम्हाला. पण एक ते चार माणसं झोपतात, हे आपण कुठेतरी ऐकलं असेल.” पुण्यात एक वेळ दरोडा घाला, पण दुपारची झोप मोडू नका! भाऊ ओशाळला. त्याला भांडता येतच नाही. तो वाटा सगळा माझ्याकडे आलाय. मी तोंड उघडणार, तोच तो म्हणाला, “काका, पुढच्या वेळी आवाज येणार नाही.”

आणि खरंच येईना. आधीच्या मालकाने दुकान काढायचं म्हणून पार्किंगला शटर बसवलं होतं, ते आम्ही कधी लावत नव्हतो. भावाने ते खाली ओढलं. तरी थोडा आवाज झिरपायचा, म्हणून मागच्या झरोक्याला पुठ्ठा ठोकला. मग माझ्याकडे जुन्या गोधड्या मागितल्या, शटरखालच्या फटीत कोंबायला.

“शेजाऱ्यांच्या झोपेची एवढी काळजी! माझ्या झोपेची कधी केलीस का रे?”

“राहायचंय ना ताई याच गल्लीत,” तो म्हणाला. मी गोधड्या काढून दिल्या. काका मुद्दाम येऊन आभार मानून गेले.

त्यानंतर रविवारची संध्याकाळ आमच्या घरात विचित्र जायला लागली. तो वर यायचा तो डोकं धरून. डोळे तांबारलेले, जिना चढताना कठडा घट्ट पकडलेला. एकदा उलटी झाली. तो पित्त म्हणायचा, मीही पित्तच म्हणायचे. आमच्या घरात कुणाला काहीही झालं तरी पित्तच असतं. आमसुलाचं सार प्यायला की रात्रीपर्यंत बरा. सोमवारी ठणठणीत होऊन ऑफिसला. मग पुन्हा रविवार. मला शनिवारपासूनच धास्ती वाटायची, आणि कशाची ते सांगता यायचं नाही. डॉक्टरांना दाखव म्हणून मी त्याचं डोकं खाल्लं. “स्पितीहून आल्यावर बघू,” तो म्हणायचा.

निघायच्या आधीच्या रविवारी मी वर पेपर वाचत पडले होते. शटर बंद असलं तरी फरशीतून ती घरघर जाणवायची. एरवी तो मध्येच रेस करायचा, बंद करायचा, पुन्हा चालू करायचा. त्या दिवशी घरघर एकसारखी, कितीतरी वेळ. आधी मला राग आला, पेट्रोल काय फुकट मिळतं? मग राग कुठे गेला कोण जाणे, पेपर टाकून उठले.

मी खाली धावले. हाका मारल्या, शटर बडवलं. कडी आतून लावलेली. “अहो काका, धावा हो!” मी गल्लीत उभी राहून किंचाळले. काका बनियनवरच पहार घेऊन आले. शटर उचकटलं तसा गरम हवेचा लोट अंगावर आला आणि मलाच अंधारी आली. भाऊ गाडीला टेकून बसला होता, लॅपटॉप मांडीवर, गाल गुलाबी. मला वाटलं, गाढव झोपलंय. देवा, मला खरंच तसं वाटलं! काकांनी त्याचे पाय धरले, मी काखेत हात घातले, आणि आम्ही त्याला ओढत गल्लीत आणलं.

दवाखान्यात ऑक्सिजन लावला. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, बंद जागेत कुठलंही इंजिन घातकच, त्यात कन्व्हर्टर काढलेला. त्यातला कार्बन मोनॉक्साइड वास देत नाही, माणसाला कळतही नाही. दर रविवारचं पित्त ते हेच. दोन दिवसांनी तो उठून बसला आणि म्हणाला, “ताई, गाडी बंद केलीस ना?” मी रडले, मग त्याला भरपूर शिव्या घातल्या. घरी सोडताना बाई म्हणाल्या, “लक्ष ठेवा. कधीकधी मेंदूवरचा परिणाम काही आठवड्यांनी दिसतो.” मी मान हलवली. माणूस तर धडधाकट, समोर बसून पोहे मागत होता.

थोडे दिवस बरे गेले. मग शर्टाची बटणं चुकायला लागली. आंघोळीला गेला की नळ सोडून नुसता उभा राहायचा. मी ओरडायचे, आणि मग बटणं पुन्हा नीट लावून द्यायचे. पुन्हा दवाखाना, पुन्हा गोळ्या. थोडा वेळ द्या, बाई म्हणाल्या.

परवा सकाळी मी फाटकापाशी कपडे वाळत घालत होते. तो पार्किंगमधून बाहेर आला. हातात गाडीची किल्ली. माझ्यापासून जरा अंतरावर, अदबीने थांबला.

“अहो, ही आत पडली होती,” तो म्हणाला. “तुमची आहे का?”

मी हो म्हटलं आणि घेतली.