सखुबाईचं वाटण

दिवेआगरजवळच्या एका वाडीतल्या प्राथमिक शाळेत सखुबाई अकरा वर्षं पोषण आहार शिजवते. तिच्या मटकीच्या उसळीला ओल्या खोबऱ्याचं वाटण आणि वरून मूठभर दाण्याचा कूट असायचा. तपासणीला आलेल्या साहेबांनी ती उसळ दोनदा मागून घेतली होती, हे ती नव्या माणसाला पहिल्या भेटीतच सांगे.

दुसरीत रुचिता नव्यानं आली, तेव्हा तिची आई नेत्रा स्वयंपाकाच्या खोलीच्या दारात येऊन उभी राहिली. मुलीला शेंगदाणा कणभरही चालत नाही, पनवेलला असताना एकदा जिवावर बेतलं होतं, असं तिनं सांगितलं. सखुबाईनं मान डोलावली, पण मनातून तिला ते शहरातलं खूळ वाटलं. तिची स्वतःची चार पोरं दाणे खातच वाढली होती. तरी मुख्याध्यापक चांगदेव गुरुजींनी शाळेत दाणे बंद म्हटल्यावर ती कुटाचा डबा घरी घेऊन गेली. पोरं कुरकुरली. उसळ आता आपल्यालाही बेचव लागते असं ती म्हणे, पण कूट काही तिनं परत आणला नाही.

पुढं एका संकष्टीला जेवणं आटोपून पंधरा मिनिटं झाली असतील, रुचिता मान खाजवू लागली. अंगावर गांधी उठल्या, ओठ सुजले, आवाज घोगरा झाला. गुरुजींनी वाट पाहिली नाही. तिला रिक्षात घालून थेट बोर्लीच्या सरकारी दवाखान्यात नेलं, वाटेतूनच नेत्राला फोन केला. डॉक्टरांनी मांडीत इंजेक्शन दिलं. श्वास मोकळा झाला, पण त्रास उलटू शकतो म्हणून संध्याकाळपर्यंत थांबवून घेतलं.

इकडे शाळेत कुणाच्या डब्यातून दाणे आले याची चौकशी सुरू झाली. चौथीतल्या साहिलच्या खिशात आदल्या दिवशी चिक्की होती, एवढं पुरलं. जमलेल्या बायका त्याच्या आईला बोलू लागल्या. साहिल भिंतीला टेकून रडत होता.

सखुबाई पातेलं घासत होती. घासता घासता तिचा हात थांबला. शाळेत मिक्सर नाही, वाटण ती घरूनच आणते. सकाळी नवऱ्याच्या उपवासाच्या खिचडीला तिनं कूट केला होता, आणि त्याच भांड्यात, नुसतं विसळून, शाळेचं खोबरं वाटलं होतं.

हे तिच्याखेरीज कुणालाही ठाऊक नव्हतं. तिनं पातेलं धुऊन पालथं घातलं. मग उठून बाहेर आली, पोराला काही बोलू नका, चूक माझी हाय, एवढं बायकांना म्हणाली आणि मिळेल त्या रिक्षानं बोर्लीला गेली.

नेत्रा दवाखान्याच्या ओसरीवर बसली होती. सखुबाई तिच्यासमोर उभी राहिली.

“माज्या हातनं झालं. घरच्या मिक्सरात आधी दाणं वाटलं व्हतं. भांडं धुतलं न्हाय नीट.”

 नेत्रा म्हणाली, “मावशी, तुम्ही सांगितलं नसतंत, तर उद्या पुन्हा त्याच भांड्यातलं तिला वाढलं असतंत.”

क्षमा केली असं ती म्हणाली नाही आणि सखुबाईनंही मागितली नाही.

दोन महिने रुचिता घरचा डबा आणत राहिली. मधल्या काळात डॉक्टर शाळेत येऊन गेले. काय दिसलं की काय करायचं, हे त्यांनी गुरुजींना आणि सखुबाईला समजावलं, नुसतं विसळून दाणा जात नाही हेही सांगितलं. गुरुजींनी शाळेसाठी नवा पाटा-वरवंटा आणला. तेव्हापासून वाटण शाळेतच केलं जातं. सखुबाईचे खांदे दुखतात, तसं ती बोलूनही दाखवते.

दिवाळीनंतर एक दिवस नेत्रा सकाळपासून स्वयंपाकाच्या खोलीत बसली. डाळ निवडण्यापासून वाढण्यापर्यंत सगळं तिनं पाहिलं, मधेमधे विचारलंही. दुसऱ्या दिवशी रुचिता ताट घेऊन पंगतीत बसली. सखुबाईनं उसळ तिला पहिली वाढली, बाकीच्यांना वाढून झाल्यावर तिच्याजवळ येऊन बसली आणि तास सुरू झाला तरी बराच वेळ वर्गाच्या दाराशी रेंगाळत होती.

त्या दिवशी काही झालं नाही. नेत्रा अजूनही सखुबाईशी कामापुरतंच बोलते.