कुंपणालगतचं झुडूप

नातीच्या इंग्रजी चित्रपुस्तकात झुडपाच्या चित्राखाली ‘बुश’ लिहिलेलं पाहून मी गोंधळलोच. माझ्या लेखी बुश म्हणजे मेकॅनिक दरवेळी बदलायला सांगतो तो स्कूटरचा झिजणारा भाग, नाहीतर वडिलांचा पँटबाहेर सोडलेला बुशशर्ट. एका शब्दात हे सगळं राहतं तरी कसं?

आमची आई नुसतं ‘झुडूप’ कधी म्हणायचीच नाही. कुणी खोकलं की म्हणायची, "जा, अडुळशाची चार पानं आण." तरवड, निरगुडी, घाणेरी, सगळ्यांना ती नावानं ओळखायची.

नातीनं खिडकीतून कुंपणाकडे बोट दाखवलं. "आजोबा, ते कुठलं?"

त्याला मी कित्येक वर्षं रोज पाणी घालतोय. आईची नावं एकेक करून त्याला लावून पाहिली.

"बुश," मी म्हणालो.