सात नंबरची खुंटी

ओढा दुरुस्त करायचा म्हणजे काय, हे लोकांना समजावण्यात माझी उमेदीची वर्षं गेली. नव्वदीचं दशक संपत आलं होतं. शिरूर-दौंडकडे ओढे सरळ करायची टूम निघाली होती. वळणं काढली की पाणी गुमान वाहून जाईल आणि दोन्ही काठांना शेतीला जागा सुटेल, असा समज. पाणी गेलंच, पण इतक्या झपाट्यानं की दिवाळीत धुणं धुवायलाही राहीना. मग एका संस्थेनं आम्हाला काम दिलं. राहू गावाकडचा असाच एक ओढा पुन्हा वळणावळणाचा करायचा होता. आखणी माझी, खोदकामाचा ठेका माझ्या मित्राचा. डिप्लोमाला आम्ही एका खोलीत राहिलो, एका डब्यात जेवलो. सख्ख्या भावावर नव्हता एवढा माझा त्याच्यावर विश्वास होता. आजही राग येतो तो त्याचा कमी आणि माझ्या त्या विश्वासाचा जास्त.

आमची पद्धत सरळ होती. बिघडलेल्या ओढ्याला वळणं कशी द्यायची, हे खुर्चीत बसून ठरवायचं नाही. त्याच ओढ्याचा जो तुकडा अजून धड असेल तो शोधायचा, त्याची रुंदी, खोली, वळणं, डोह मोजायचे आणि तीच मापं बिघडलेल्या भागाला लावायची. त्या धड तुकड्याला आम्ही नमुना म्हणायचो. मला तो बौद्धवाड्याच्या खालच्या अंगाला सापडला. काठांवर करंज आणि जांभळं, मधे लालसर जाड वाळू, वाळूत बारीक शिंपले. तिथं एक झिरा होता. हातभर उकरलं की पाणी लागायचं. उन्हाळ्यात हातपंप आटला की सगळा वाडा त्यावर प्यायचा.

झिऱ्याची राखण एक मावशी करायच्या. कुणी नेमलं नव्हतं, पण चप्पल घालून कुणी जवळ गेलं की त्या लांबूनच ओरडायच्या. मी वाळूची खोली बघायला लोखंडी सळई ठोकू लागलो, तर त्यांनी सळईच धरली.

“काय हुडकताय हितं?”

मी नमुना म्हणजे काय ते सांगितलं.

“म्हंजी आमच्या वड्यावानी बाकीचा वडा करनार तुमी?”

“हो.”

“आन् ह्याला?”

“याला कुणी हात लावणार नाही, मावशी. हाच बिघडला तर मी नक्कल कशाची करू?”

हे त्यांना पटलं. सळई सोडून त्या स्वतःच पुढं झाल्या आणि वाळू कुठं खोल, कुठं उथळ ते पायानं दाखवत चालल्या.

“सासूनं मला दावलं, मी सुनंला दावलं. भायेरच्या मानसाला पयल्यांदाच दावतीया.”

मी बाभळीच्या बारा खुंट्या ठोकल्या, त्यांच्यावर लाल रंगानं इंग्रजी आकडे घातले आणि प्रत्येक खुंटीपाशी वाळू किती खोल ते वहीत लिहिलं. सात नंबरला अख्खी सळई आत गेली तरी खडक लागला नाही. झिरा त्या खुंटीला लागूनच होता.

करारनामा मी लिहिला. बिघडलेल्या भागाबद्दल पानंच्या पानं होती. काठाला उतार किती, झाडाच्या मुळांपासून पोकलेन किती लांब ठेवायचा, जेवणाच्या सुट्टीत तो पात्रात उभा करायचा नाही, हेसुद्धा लिहिलं. ऑपरेटरला समजावं म्हणून नमुन्याचा पट्टाही नकाशात दाखवला, वहीची झेरॉक्स जोडली. त्या पट्ट्याला हात लावायचा नाही, हे वाक्य तेवढं कुठंच नव्हतं. ते लिहावं लागतं असं मला वाटलंच नाही.

काम सुरू झालं तेव्हा मी शिरूरकडच्या दुसऱ्या ओढ्याच्या मोजणीत अडकलो होतो. “तू जा, मी हाय ना,” असं मित्र म्हणाला आणि मी गेलो.

राहायला मी सणसवाडीत होतो. कारखान्यांमुळे तिथं जो तो भाड्याच्या खोल्या वाढवत होता, माझ्या घरमालकांनीही वरचा मजला बांधायला काढला होता. एका सकाळी दात घासत बाहेर आलो, तर दारासमोर वाळूचा ढीग. लालसर, जाड. मी मूठभर उचलली, तर तिच्यात बारीक शिंपले निघाले. चाळणारा गडी अधूनमधून काटक्या बाजूला फेकत होता. त्यातलं एक लाकूड माझ्या पायाशी येऊन पडलं. बाभळीची खुंटी होती. वर लाल सात, आणि सातच्या पोटातून आडवी रेघ. ती रेघ मारायची सवय माझी.

मित्र शिरूरच्या स्टँडसमोर चहा पीत बसलेला सापडला. मी खुंटी टेबलावर ठेवली.

“मग? नकाशात हाय ना तो पट्टा?” तो म्हणाला. “परवानगी सगळ्या नकाशाची हाय.”

“तो नमुना होता. तुला माहीत होतं.”

“तुझी मापं घेऊन झाली ना गड्या? मग आता त्याचं काय काम? आन् तुझी वही लई कामाला आली. कुठं किती वाळू, एक खड्डा मारून बघावा लागला न्हाई.”

बोलता बोलता त्यानं माझ्यासाठी चहा सांगितला, कमी साखरेचा, मला लागतो तसा. तो चहा त्याच्या तोंडावर फेकावा असं मनापासून वाटलं. मी नुसता उठून आलो, याचं मला अजून वाईट वाटतं.

संस्थेकडे तक्रार केली. साहेबांनी करारनामा दोनदा वाचला, आणि त्यात ते वाक्य नव्हतं.

वाड्यावर जायला माझा पाय आठ दिवस उचलला नाही. गेलो तर बाराही खुंट्यांची वाळू उपसलेली, झिऱ्याच्या जागी माणूस बुडेल एवढा खड्डा, तळाला कोरडा काळा खडक आणि काठाला करंजाची उघडी मुळं. मावशी तिथंच बसल्या होत्या, मागे सून रिकामी घागर घेऊन उभी. मी चप्पल घालून थेट कडेपर्यंत गेलो. त्या ओरडल्या नाहीत.

“जयभीम, साहेब. वही आनलीया का?”

“हो.”

“मंग बगा की त्यात,” त्या म्हणाल्या. आवाजात टोमणा नव्हता, त्या खरंच विचारत होत्या. “आता कुठं उकरायचं, तेवडं हिला दावा.”

मी वही उघडली आणि पानं उलटत राहिलो.