भाऊजींचा फोन : होल्ड

रविवार, ९ नोव्हेंबर २०१४. सकाळी अकरा. स्थळ : जुन्या पनवेलमधलं अन्वरभाईंचं मोबाइलचं दुकान. उपस्थिती : माझे मोठे दीर, म्हणजे भाऊजी, त्यांच्या पत्नी, म्हणजे माझ्या जाऊबाई, ज्यांना मी वहिनी म्हणते, माझे यजमान, गाडी चालवण्यापुरते, स्वतः अन्वरभाई, आणि नोंद ठेवायला मी. विषय : भाऊजींनी फोन घेणे. मागील सभेवरून पुढे चालू.

खांदा कॉलनीतल्या आमच्या सोसायटीची मी बरीच वर्षं सचिव आहे. त्यामुळे कुठेही चार माणसं जमली की माझा हात आपोआप उपस्थिती लिहायला लागतो. पण या सभेची नोंद ठेवायला खास कारण होतं. अँड्रॉइड फोनांमधलं भाऊजींइतकं कळणारा माणूस उरणपासून खोपोलीपर्यंत दुसरा नव्हता, आणि त्यांच्याइतका जुना फोन वापरणाराही दुसरा नव्हता. त्यांनी आयुष्यात एकही वाईट स्मार्टफोन घेतला नव्हता, कारण त्यांनी एकही स्मार्टफोन घेतला नव्हता. खिशात असायचा तो बटणांचा, टॉर्चवाला. त्याचं पाचाचं बटण दबत नसे. नवीन कुणी भेटला आणि त्याच्या नंबरात पाच निघाला की भाऊजी अत्यंत सभ्यपणे म्हणत, "तुम्हीच एक मिस्ड कॉल द्या." माझ्या नंबरात पाच दोनदा येतो. भाऊजींनी आपणहून मला फोन केल्याचं मला आठवत नाही.

हे सगळं समजायला त्यांची नोकरी समजायला हवी. तळोज्याच्या एका कारखान्यात भाऊजी एकतीस वर्षं तपासणी विभागात होते. तयार माल त्यांच्यासमोर यायचा आणि ते त्याला चिठ्ठी बांधायचे. लाल म्हणजे रिजेक्ट, हिरवी म्हणजे पास, आणि पिवळी म्हणजे होल्ड, अर्थात अजून विचार चालू आहे. निवृत्त होताना लोक घड्याळ, शाल वगैरे घेऊन घरी येतात. भाऊजी उरलेल्या कोऱ्या चिठ्ठ्यांचे तीन गठ्ठे घेऊन आले. लाल गठ्ठा पहिल्या वर्षातच संपत आला. पिवळा निम्म्यावर आला. हिरव्याचा दोरासुद्धा कुणी सोडला नव्हता.

घरात कुठेही बघावं तर पिवळी चिठ्ठी. लोणच्याच्या बरणीवर 'होल्ड, मीठ अजून मुरलं नाही'. हॉलमधल्या पंख्याच्या बटणावर 'होल्ड, तीनवर आवाज'. एकदा मी वार्षिक सभेचं इतिवृत्त वाचायला दिलं, तर ते पिवळी चिठ्ठी लावून परत आलं आणि वर शेरा होता, 'सर्वानुमते या शब्दाची खात्री करावी'. मी खात्री केली. विरोध एकाचाच होता आणि तो त्यांचाच होता. मुलीला सांगून आलेलं स्थळही त्यांनी पाच महिने होल्डवर ठेवलं होतं. मुलगा शिकलेला, घर चांगलं, पण चालताना त्याचा उजवा खांदा किंचित खाली जातो, असं भाऊजींचं निरीक्षण. शेवटी मुलगीच म्हणाली, "बाबा, तुम्ही खांदा होल्डवर ठेवा, बाकीच्याशी मी लग्न करते." आणि केलं. दोघं टोरांटोला गेली, सुखात आहेत. खांदा अजूनही खाली जातो म्हणतात.

तर फोन. त्यासाठी भाऊजींनी दोनशे पानी वही घातली होती. डाव्या पानावर गुण, उजव्या पानावर दोष, खाली निकाल. बाजारात भारीतला फोन आला की दोन पानं त्याची. कंपन्यांची नावं ते घेत नसत, देशावरून ओळखत. कोरियाचा थोरला : पडदा अप्रतिम, पण 'पोपट आहे त्याहून हिरवा दिसतो'. कोरियाचा धाकटा : कॅमेरा उत्तम, पण चालू करायचं बटण पाठीवर. "सेक्रेटरीबाई," ते मला म्हणाले, "फोन लावायचाय की पाठ खाजवायचीय?" तैवानचा : अंग धातूचं, आवाज असा की घरात भजनी मंडळ बसलंय, पण संध्याकाळनंतर काढलेल्या फोटोत माणूस कोण आणि भिंत कोण हे विचारावं लागतं. जपानचा पाण्यात बुडवला तरी चालतो, पण कोपरे टोचतात. आणि एक चिनी, सगळ्यांत सरस आणि सगळ्यांत स्वस्त, फक्त तो घ्यायला आधी कंपनीचं निमंत्रण यावं लागे. हे कळलं तेव्हा भाऊजी दोन दिवस अस्वस्थ होते. "मुंजीला निमंत्रण लागतं, लग्नाला लागतं," ते म्हणाले. "दुकानात गिऱ्हाइकाला निमंत्रण? मी काय आहेर घेऊन जायचं?" निकाल सगळ्यांचा एकच. होल्ड.

ही परीक्षा वहीपुरती असती तर अन्वरभाईंचं आयुष्य सुखाचं गेलं असतं. भाऊजी दुकानात व्हर्निअर कॅलिपर घेऊन जात. फोनची जाडी मोजत. खोक्यावर लिहिलेल्या आकड्यापेक्षा केसभर जास्त निघाली की कॅलिपर मिटून म्हणत, "टॉलरन्सच्या बाहेर आहे." उन्हात पडदा दिसतो का, हे बघायला ते दुकानातला फोन घेऊन भर बारा वाजता रस्त्याच्या मधोमध उभे राहत, आणि मागून रिक्षा आली की पडद्यावरची नजर न काढता रिक्षालाच थांबायची खूण करत. जपानी फोन आला त्या दिवशी त्यांनी अगदी शांतपणे विचारलं, "पाण्यात चालतो ना? मग बादली आहे का?"

अन्वरभाई मूळचे उरणकडचे. आधी दहा वर्षं आखातात काढलेली, माणसं पाहिलेली. ते म्हणाले, "काका, बादली हाय. काळीज नाय."

पण हेच अन्वरभाई भाऊजींना खुर्ची देत, चहा मागवत. कारण भाऊजी बोलायला लागले की दुकानातली बाकीची गिऱ्हाइकं ऐकत उभी राहत आणि दहा मिनिटांत त्यांतलं कुणीतरी फोन घेऊन जाई. आमच्या सोसायटीतल्या सात जणांनी भाऊजींनी होल्डवर ठेवलेले फोन घेतले (मी यादी केली आहे). सातही जण समाधानी आहेत. मी तैवानचा घेतला. भाऊजींनी तो हातात घेऊन उलटासुलटा केला आणि म्हणाले, "घाई केलीत."

आता वहिनींचं सांगते, कारण सगळा प्रश्न त्यांचा होता. टोरांटोला नात झाली. तिला बघायचं तर व्हिडिओवर. भाऊजींच्या घरी त्याची सोय नाही, माझ्याकडे टेबलावरचा कॉम्प्युटर आहे. त्यांचं घर तळमजल्यावर, माझं तिसऱ्या मजल्यावर, आणि बिल्डिंगला लिफ्ट नाही. दर रविवारी संध्याकाळी सहा वाजता, म्हणजे तिकडे सकाळ झाली की, वहिनी दुखऱ्या गुडघ्यांनी तीन जिने चढून येत. दुसऱ्या मजल्यावर त्यांना टेकायला म्हणून मी एक खुर्ची ठेवली, रीतसर ठराव करून. मागून भाऊजी येत, नातीकडे बघत आणि म्हणत, "पोरगी एवढी निळी नाहीये. तुमचा मॉनिटर तपासून घ्या." नातीचा पहिला वाढदिवस असाच माझ्या हॉलमध्ये झाला. दुसऱ्याच्या आत घरात फोन येईल, असं भाऊजींनी तेव्हा वहिनींना सांगितलं होतं. मी ते लिहून ठेवलं होतं.

दिवाळी झाली आणि डॉक्टरांनी वहिनींना जिना बंद केला. अगदी पूर्ण बंद. वाढदिवस सोळा नोव्हेंबरला. मी म्हटलं, "वहिनी, माझा फोन घेऊन मीच खाली येते, त्यात काय?" वहिनी भाजी निवडत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "नको गं. दोन वर्षं नात बघायला दुसऱ्याच्या घरी जातेय. तिला आजीची आठवण आली, तर घंटा माझ्या घरात वाजायला नको?"

मी त्याच दिवशी सभा बोलावली.

तर त्या रविवारी अन्वरभाईंनी काचेवर पाच फोन ओळीने मांडले. "बसा काका. पाणी घ्या. आज फैसला करू या, इन्शाल्ला." भाऊजींनी वही उघडली. कॅलिपर बाहेर आला. पाऊण तास गेला. कोरियाचा थोरला आघाडीवर होता, तेवढ्यात त्याची पाठ प्लॅस्टिकची असल्याचा मुद्दा निघाला. तैवानचा पुढे सरकला, तर संध्याकाळचे फोटो आडवे आले. माझे यजमान गाडी चुकीच्या जागी लावल्याचं निमित्त काढून दोनदा बाहेर जाऊन आले. शेवटी भाऊजींनी कॅलिपर मिटला. तो आवाज मी ओळखते.

"असं आहे," ते म्हणाले, "पुढच्या दोन-तीन महिन्यांत यांचे नवे येतील. तोवर..."

"अन्वरभाई," वहिनी म्हणाल्या. दोन वर्षांत फोनच्या विषयावर भाऊजींसमोर त्या पहिल्यांदा बोलत होत्या. "यातल्या कुठल्या फोनमध्ये माझी नात दिसेल?"

अन्वरभाईंनी पाचही फोनांकडे बघितलं. "सगळ्यांत दिसेल, चाची."

"मग हा द्या." वहिनींनी अगदी जवळचा उचलला. तो कोरियाचा थोरला होता. पण तैवानचा जवळ असता तर तैवानचा झाला असता.

"अगं, याची पाठ बघ तरी!" भाऊजी म्हणाले.

"पाठ कशाला बघू? मला ती पुढून दिसली की झालं."

आणि मग वहिनींनी पर्समधून एक हिरवी चिठ्ठी काढली. न सुटलेल्या गठ्ठ्याचा दोरा त्यांनी सकाळीच कात्रीने कापला होता. चिठ्ठी त्यांनी फोनच्या खोक्यावर ठेवली आणि वर पेन ठेवलं. "सही करा," त्या म्हणाल्या. "तपासनिसाच्या सहीशिवाय पास होत नाही, तुम्हीच सांगता ना?"

मला वाटलं, आता भाऊजी चिडतील. ते चिठ्ठीकडे बघत राहिले. ती कागदाची जात, तो वरचा छापील रकाना, सगळं त्यांच्या ओळखीचं. मग चष्मा पुसला, खोकं एकदा सगळ्या बाजूंनी फिरवलं आणि सही केली. खाली तारीख घातली. अन्वरभाई हळूच म्हणाले, "मुबारक हो काका," आणि खोकं पिशवीत घालताना चिठ्ठी पडू नये म्हणून त्यांनी तिला रबरबँड लावला.

सोळा तारखेला संध्याकाळी सहा वाजता भाऊजींच्या घरात घंटा वाजली. वहिनींनी ती मुद्दाम तीनदा वाजू दिली. मग पडद्यावर केकला चिकटलेली नात आली. चित्र मधूनच अडकत होतं, आवाज ओठांच्या मागून येत होता. भाऊजी बाजूला वही घेऊन बसले होते, दोष टिपायला. पोरीने केकचा हात पुढे केला आणि "आबा, आ!" म्हणाली. भाऊजींनी खरोखरच तोंड उघडलं. मग त्यांच्या लक्षात आलं की आम्ही बघतोय. त्यांनी तोंड मिटलं आणि काहीतरी लिहायला वहीत डोकं घातलं.

दुसऱ्या दिवशी मी खाली गेले, तर वही त्यांच्या टेबलावर उघडी होती. दुसऱ्याचं लिहिलेलं वाचू नये हे मला कळतं, पण नोंदवही म्हटली की माझा इलाज चालत नाही. डाव्या पानावर गुण भरपूर होते. उजवीकडे, पाठीच्या प्लॅस्टिकच्या खाली, शेवटची ओळ होती : 'हात पोचत नाही.'

हा दोष पुढच्या कुठल्याच फोनमध्ये दुरुस्त होणार नाही, हे त्यांच्या लक्षात आलं असावं. कारण नंतर त्या वहीत नवा फोन चढला नाही. वर्षभराने वहिनींच्या गुडघ्यांचं ऑपरेशन झालं, त्या हिंडूफिरू लागल्या, आणि एका सकाळी भाऊजी कधी नव्हे ते एकटेच तीन जिने चढून माझ्याकडे आले. "सेक्रेटरीबाई, टोरांटोला जायचं तर काय काय लागतं, एक यादी करून द्या."

यादी केली. अकरा कामं होती, दहा झाली. पासपोर्ट झाले, बॅगा झाल्या (त्यांची वेगळी वही आहे), वहिनींनी मेतकूट दळून आणलं. अकरावं काम व्हिसासाठी भाऊजींचा फोटो. स्टुडिओतून दोन काढून आले आणि पाकिटाला पिवळी चिठ्ठी लागली. महिना झाला. परवा मी ते पाकीट सरळ उचलून घरी आणलं. म्हटलं, मी निवडते, दोन मिनिटांचं काम.

डावीकडच्या फोटोत कॉलर नीट आहे, नजर समोर आहे, नियमात बसतो. पण कारखान्याचा एखादा लॉट रिजेक्ट करताहेत असं वाटतं. उजवीकडच्यात कान पुढे आले आहेत आणि तोंड जरासं उघडं आहे, कुणीतरी समोरून घास धरल्यासारखं. व्हिसाला असं चालत नाही म्हणतात. नात मात्र यालाच ओळखेल.

पाकीट माझ्या टेबलावर आहे. यादीतलं अकरावं काम : बाकी.