पूर्वेकडे तोंड करून

वयाच्या सत्तावन्नाव्या वर्षी मी गुलमंडीच्या बाजारात जाऊन स्वतःसाठी पहिल्यांदा व्यायामाचे बूट घेतले. दुकानदाराने विचारलं, "मुलीसाठी का, काकू?" मी म्हटलं, "नाही, मलाच. नवऱ्याला उचलायचंय." तो हसला. त्याला वाटलं मी चेष्टा करतेय. कंबर इतकी दुखत होती की बूट घालून बघायला मला वाकताही येत नव्हतं.

आदल्या आठवड्यात आम्ही दोघं बाथरूममध्ये पडलो होतो. ह्यांना पक्षाघात होऊन तेव्हा पाच महिने झाले होते. उजवी बाजू गेली होती आणि वाचाही. हे पंचाहत्तर किलोचे, मी अठ्ठेचाळीस. कमोडवरून उठवताना माझा पाय घसरला, मी खाली आणि हे माझ्यावर. पुढच्या दाराला आतून कडी लावलेली नव्हती एवढंच नशीब. समोरचे भाऊजी हाका ऐकून येईपर्यंत तासभर आम्ही ओल्या फरशीवर तसेच पडून होतो. हे माझ्या कानाशी रडत होते आणि त्यांच्या पाठीवरून फिरवायला माझा हात मोकळा नव्हता.

खरं तर व्यायाम हा आमच्या घरात ह्यांचा प्रांत. घराणं मूळ भिक्षुकीचं. पुढे भिक्षुकी सुटली, कारकुनी आली, पण सूर्यनमस्कार काही सुटले नाहीत. सासरे घालायचे, मग हे. रोज पहाटे साडेपाचला, पूर्वेच्या खिडकीकडे तोंड करून, सूर्याचं एकेक नाव घेऊन एकेक नमस्कार, असे बारा. माझ्या भावाच्या लग्नात जानवशाच्या गच्चीवरसुद्धा ह्यांनी ते घातले होते. ती बारा नावं मी तीस वर्षं स्वयंपाकघरातून ऐकली. सातव्या नावाला माझं दूध उतू यायला लागायचं. मी स्वतः कधी एकही नमस्कार घातला नाही. जिना चढून आले की हे म्हणायचे, "भाता लागलाय तुझा. जरा हातपाय हलवत जा." मी म्हणायचे, "दोघांचं तुम्हीच करा."

डॉक्टरांनी ह्यांना रक्तदाबाच्या गोळ्या लिहून दिल्या होत्या. मी विचारलं की म्हणायचे, "घेतली." ह्यांना दवाखान्यात ठेवलं त्या दिवशी आधार कार्ड शोधताना देव्हाऱ्याखालच्या खणात मला गोळ्यांची पाकिटं सापडली, एकही न फोडलेली. बारा नमस्कार घालणाऱ्याला गोळी कशाला, हा ह्यांचा हिशेब. त्यांच्या उशाशी उभी राहून मी मनातल्या मनात त्यांना शिव्या घातल्या. नळ्या लावलेल्या माणसाला शिव्या घालणारी बाई मीच. त्याचं मला आजही वाईट वाटत नाही.

ह्यांच्यासाठी घरी येणाऱ्या फिजिओथेरपिस्ट बाई लासूर स्टेशनकडच्या शेतकरी घरातल्या. चाळिशीच्या, मनगटं माझ्या दुप्पट. आम्ही पडल्याचं कळलं तेव्हा त्या ह्यांना सोडून माझ्याकडेच वळल्या.

"काकांचं मी बघते. पण तुमचं काय? असं कंबरेतून वाकून उचलायला लागल्या तर दोन महिन्यांत तुमच्यासाठी दुसरी कॉट आणावी लागंल."

"मग काय करू? उचलू नको?"

"उचला ना. पण गुडघ्यात बसायचं, माणूस अंगाशी घ्यायचा, मग मांड्यांवर उठायचं. कंबरेला कामच द्यायचं नाय."

"मला नाही हो जमणार आता."

"न जमाया काय झालं? लई जमतं बायांना. आमच्याकडं साठीतल्या बाया पोती उचलतेत."

डंबेल कुठे मिळतात असं मी विचारलं तर त्यांनी अंगणातल्या बादल्या दाखवल्या. आमच्या सिडको वसाहतीत नळाला पाच-सहा दिवसांनी पाणी येतं, त्यामुळे घरात भरलेल्या बादल्यांना तोटा नसतो. अर्धी बादली दोन्ही हातांत धरून खुर्चीतून उठायचं आणि बसायचं. मग पाऊण, मग काठोकाठ. पहिल्या आठवड्यात मला संडासात बसता येईना इतक्या मांड्या भरल्या. बूट घालून अंगणात बादल्यांशी उठाबशा काढणारी म्हातारी बघायला गल्लीतल्या बायका फाटकाशी थांबायच्या. बघा म्हटलं, तिकीट नाही.

मुलगा पुण्याहून रोज फोन करायचा. "आई, बाबांना चांगल्या ठिकाणी ठेवू. तिथे सगळी सोय असते, माणसं असतात." मी नाही म्हणायचे. तो वैतागायचा, आणि त्याचंही काही चुकत नव्हतं. पण हे मी खोलीबाहेर गेले की ओरडायचे. शब्द नसायचा, नुसतं "आं, आं". मी परत दिसले की गप्प. एकटं राहण्याची त्यांना इतकी भीती बसली होती. चार अनोळखी माणसांत, भिंतीकडे बघत ह्यांचा जीव जावा हे मला सहन होणार नव्हतं. माझं देवाकडे एकच मागणं होतं: हे जातील तेव्हा मी जवळ असावं. त्यासाठी मी धडधाकट राहायला हवं होतं. बादल्या उचलत होते त्या एवढ्यासाठी.

सात-आठ महिन्यांनी माझ्या अंगात जरा जोर आला. एका सकाळी बादल्या ठेवून मी हॉलमध्ये चटई टाकली. ह्यांची चाकाची खुर्ची पश्चिमेच्या भिंतीशी असायची. सहज मनात आलं, बघू तर एक नमस्कार. खिडकीकडे तोंड करून मी हात जोडले, आणि मागून आवाज आला, "ॐ मित्राय नमः."

स्वच्छ. जसाच्या तसा. मी वळले तर ह्यांचे ओठ थरथरत होते आणि त्यांनाच धक्का बसलेला होता. मी म्हटलं, "अहो, पुढचं?" त्यांनी दुसरं म्हटलं, तिसरं म्हटलं, बाराही म्हटली. मी चटईवर बसून ढसाढसा रडले आणि मुलाला फोन लावला. तो त्याच दुपारी निघून आला. "बाबा, मी कोण?" त्याने विचारलं. ह्यांनी खूप वेळ त्याच्याकडे बघितलं आणि "आं" म्हणाले.

डॉक्टरांनी समजावून सांगितलं. वर्षानुवर्षं घोकलेलं डोक्यात वेगळीकडे असतं, ते राहून जातं. कुणाला आरत्या येतात, कुणाला पाढे, कुणाला फक्त शिव्या. याला बोलणं म्हणू नका, यावर आशा ठेवू नका. मी मान डोलावली आणि घरी येऊन आशा ठेवली. दुसरं काय ठेवणार होते?

तेव्हापासून आमचा नेम सुरू झाला. मी खिडकीकडे तोंड करून उभी, हे मागे. ते नाव घेणार, मी नमस्कार घालणार. सुरुवातीला तिसऱ्यालाच मी आडवी व्हायचे आणि मागून चौथं नाव यायचं, तेही मुद्दाम जोरात. दोनेक महिन्यांत मी बारावर गेले. आणि मग ह्यांची शिस्त सुरू झाली. गुडघा टेकला, हनुवटी वर राहिली, घाईघाईत उरकला, की पुढचं नावच येत नसे. मी हात जोडून उभी आणि मागे शुकशुकाट. तोच नमस्कार पुन्हा नीट घातला की मग पुढचं नाव. ऑफिसातही ते असेच असणार. चुकलेला कागद काही न बोलता परत सरकवणारे. मला राग यायचा, हसूही यायचं. ज्याला पाणी मागता येत नाही तो माणूस मला गप्प राहून शिकवत होता. लग्नानंतर इतक्या वर्षांत आमचं एवढं कधी जमलं नव्हतं.

फिजिओवाल्या बाईंनी एकदा हे बघितलं. म्हणाल्या, "काकू, काकांकडं तोंड करून घाला की. तेवढंच त्यांच्यावर ध्यान राहतं."

"नमस्कार पूर्वेकडेच तोंड करून घालतात हो."

"सूर्य कुठं पळून चाललाय?"

मी हसून सोडून दिलं. आमच्या घरात पश्चिमेकडे तोंड करून कुणी नमस्कार घातला नव्हता. ते माझ्या डोक्यातच बसेना.

चार वर्षं अशी गेली. मी ह्यांना पलंगावरून खुर्चीत, खुर्चीतून कमोडवर, पुन्हा पलंगावर एकटीने हलवायचे. पाठीला एक जखम होऊ दिली नाही. पुन्हा कधी पाडलं नाही. माझी ताकद वाढत होती आणि ह्यांचं वजन उतरत होतं. शेवटी हे बावन्न किलोंवर आले. माझं जमायला लागलं याचं श्रेय किती माझ्या मांड्यांना आणि किती त्यांच्या झिजण्याला, हा विचार मी मनात येऊ देत नसे. मी साठीला आले तेव्हा माझी साखर, रक्तदाब, गुडघे सगळं उत्तम होतं. ओळखीच्या बायका विचारायच्या, काय खाता तुम्ही?

गेल्या वर्षीची मार्चमधली सकाळ. पाण्याचा दिवस होता. पाणी नेहमीच्या वेळेच्या आधीच आलं आणि अंगणातला नळ धो धो वाहत होता. पिंप भरत लावून मी आत आले. मनात म्हटलं, पटकन बारा उरकू. ह्यांनी पाच नावं नेहमीसारखी घेतली. सहावंही घेतलं. सहावा नमस्कार मी घाईत घातला, छाती जमिनीला लागलीच नाही, मला माहीत होतं. उठून उभी राहिले, हात जोडले. मागून नाव आलं नाही.

मी सहावा पुन्हा घातला. उभी राहिले. काही नाही.

तिसऱ्यांदा घातला, अगदी नीट, कपाळ टेकून. तरी मागे गप्प. पिंप भरून पाणी अंगणात सांडत होतं, तो आवाज येत होता. मी खिडकीकडे बघत म्हणाले, "पुरे झाली तुमची शिस्त. पाणी वाया जातंय." आणि सातवं नाव मीच घेतलं. आठवं, नववं, सगळी मीच घेतली, फणकाऱ्याने, मोठमोठ्याने, त्यांना ऐकू जावं म्हणून. बारा पूर्ण केले. मग वळले.

ह्यांची मान डाव्या खांद्यावर पडली होती. डोळे अर्धवट उघडे, माझ्या दिशेला. हात गरम होता.

डॉक्टर म्हणाले, एका क्षणात झालं असणार, तुम्ही लगेच वळला असतात तरी काही होऊ शकलं नसतं. ते मला बरं वाटावं म्हणून बोलले. एका क्षणात झालं की नाही हे कुणालाच माहीत नाही, कारण बघायला तिथे कुणी नव्हतं. मी होते, पण पाठमोरी. त्यांनी "आं" केलं असेल तर नळाच्या आवाजात मला ऐकू आलं नसेल. आणि ऐकू जात असेल तर त्यांनी शेवटचं काय ऐकलं? मी त्यांच्यावर तडकले ते.

आमच्याकडे माणूस गेला की खाली घेतात, जमिनीवर. त्याला चार माणसं लागतात. मी कुणाला हाक मारली नाही. चटई तिथेच होती, ती नीट केली. गुडघ्यात बसले, ह्यांना अंगाशी घेतलं, मांड्यांवर उठले आणि सावकाश खाली ठेवलं. डोकं आपटू दिलं नाही. मग अंगणात जाऊन नळ बंद केला आणि फाटक उघडून समोरच्या भाऊजींना बोलावलं.

ते आत येऊन थबकले. "वहिनी, ह्यांना खाली कोणी घेतलं?"

"मीच."

त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की मी नजर खाली घातली.

आता घरात उचलायला कुणी नाही. मुलगा पुण्याला बोलावतो, मी टाळते. मागच्या महिन्यात तपासणी झाली. तरुण डॉक्टरीणबाई रिपोर्ट बघून खूश होत्या. म्हणाल्या, "काकू, अजून पंचवीस वर्षं तुम्हाला काही होत नाही." त्यांनी ते कौतुकाने सांगितलं, आणि घरी येताना रिक्षात मी तोच आकडा मोजत राहिले. पंचवीस वर्षं मी काय करू या अंगाचं?

तरी सकाळी चटई टाकतेच. सोडून बघितलं, चार दिवसही राहवलं नाही. परवा बऱ्याच महिन्यांनी फिजिओवाल्या बाई भेटायला आल्या, नेमक्या त्या वेळेला. दारातच उभ्या राहिल्या. मी सहावा घालून उठले, हात जोडून थांबले, पुरेसं थांबले, मग सातवं नाव माझं मीच घेतलं.

"काकू," त्या हळूच म्हणाल्या, "सूर्य तुमच्या पाठीमागं हाय."

"माहितीये मला," मी म्हटलं, आणि भिंतीशी ठेवलेल्या खुर्चीकडे बघत आठवं नाव घेतलं.